एकच बंपर, एकच कोड, दोन रंग : एका गॅरेजच्या कामाचे परीक्षण

आठ वर्षे वापरलेल्या माझ्या मेटॅलिक करड्या गाडीचा मागचा बंपर काही महिन्यांपूर्वी पार्किंगमधल्या खांबाला घासला आणि डाव्या कोपऱ्यावरचा रंग हातभर लांबीच्या पट्ट्यात, आतले काळे प्लॅस्टिक उघडे पडेपर्यंत निघून आला. बंपरला तडा गेला नव्हता, त्याच्या क्लिपा शाबूत होत्या आणि पार्किंग सेन्सर चालू होते. म्हणजे तो बदलण्याचे काही कारण नव्हते, रंगवण्याचे मात्र होते. ज्या गॅरेजमध्ये मी तो रंगवून घेतला, त्यांना हे काम दोनदा करावे लागले. पहिल्या वेळी ते फसले आणि दुसऱ्या वेळी जमले. दोन्ही वेळी गाडी तीच, रंगाचा कोड तोच, रंग मारण्याची बंदिस्त खोली म्हणजे बूथ तोच आणि रंगाची कंपनीही तीच होती. मग फरक नेमका कशाने पडला, हे समजून घेण्यात माझा बराच वेळ गेला आणि हे परीक्षण मुख्यतः त्या फरकाचे आहे. गॅरेजचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण पहिल्या वेळची चूक या धंद्यात सर्रास होते, आणि ती निस्तरताना त्यांनी जे केले ते तितके सर्रास होत नाही.

गॅरेजकडे जाण्यापूर्वी मी स्वतः एक खटपट करून पाहिली होती, तिचा उल्लेख थोडक्यात करते. रंगाच्या कोडवरून भरून मिळणारा स्प्रेचा डबा आणून मी एका जुन्या प्लॅस्टिकच्या पत्र्यावर तो मारून पाहिला. साध्या पांढऱ्या किंवा काळ्या रंगाला हा उपाय लहानशा ओरखड्यापुरता चालून जातो. मेटॅलिक रंगात मात्र डब्याच्या तोंडातून पडणारे थेंब मोठे आणि असमान असल्याने रंगातल्या ॲल्युमिनियमच्या चकत्या कुठे दाट, कुठे विरळ बसतात आणि पृष्ठभाग ढगाळलेल्या आभाळासारखा दिसू लागतो. शिवाय डब्यातला साधा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, हार्डनरशिवायचा, म्हणजे थर कडक करणाऱ्या रसायनाशिवायचा असतो, त्यामुळे त्यावर पेट्रोल सांडले तर तो मऊ पडतो. तळाशी बटण दाबून आतला हार्डनर मोकळा करायचे डबेही मिळतात आणि ते बरेच टिकाऊ असतात, पण हार्डनर एकदा मिसळला की ते एक-दोन दिवसांत वापरून संपवावे लागतात आणि त्यातील आयसोसायनेट श्वासावाटे शरीरात जाणे घातक असल्याने साध्या कापडी मास्कवर भागत नाही. घरच्या गच्चीवर करण्याचे हे काम नव्हे, एवढे कळून मी तो नाद सोडला.

गॅरेजच्या पहिल्या प्रयत्नातली पूर्वतयारी मला आवडली आणि ती आधी सांगणे न्याय्य होईल. बंपर गाडीवरून पूर्ण उतरवला गेला. गाडीवर ठेवूनच टेप लावून रंगवण्याचा आळस त्यांनी केला नाही. बंपरच्या आतल्या बाजूस तो कोणत्या प्लॅस्टिकचा आहे याचा ठसा असतो. माझ्या गाडीचा बंपर, आजकालच्या बहुतेक गाड्यांप्रमाणे, पॉलिप्रॉपिलीन आणि ईपीडीएम रबर यांच्या मिश्रणाचा आहे. हे मिश्रण स्वस्त, हलके आणि धक्का सोसणारे असले तरी त्याचा पृष्ठभाग जवळजवळ कशालाच धरून ठेवत नाही. कारखान्यात म्हणूनच असे भाग रंगवण्यापूर्वी त्यांवरून ज्योत फिरवतात किंवा रंग धरून ठेवणारे खास रसायन मारतात; गॅरेजमध्ये हे काम प्लॅस्टिकसाठीच्या पारदर्शक प्रायमरने होते. हा प्रायमर फक्त उघड्या प्लॅस्टिकवर, अगदी पातळ मारायचा असतो. जिथे जुना रंग घट्ट बसलेला आहे, तिथे त्याची गरज नसते आणि तिथे नुसते घासून खडबडीत केलेले पुरते. इथे नेमके तेच केले गेले. आधी साबणाच्या पाण्याने, मग प्लॅस्टिक क्लीनरने पुसणे, ओरखड्याच्या कडा १८० नंबरच्या आणि पुढे ३२० नंबरच्या पेपरने उतरत्या करणे, खोल चरांत लवचीक पुट्टी भरणे, त्यावर सर्फेसर, म्हणजे पृष्ठभाग सारखा करणारा प्रायमर, मारून ५०० नंबरने घासणे, हा सगळा क्रम मी कामाच्या मधल्या दिवशी जाऊन पाहून आले.

हे सारे इतक्या बारकाईने पाहण्याचे कारण जुने आहे. माझ्या आधीच्या गाडीचा बंपर एका दुसऱ्याच ठिकाणी रंगवला होता आणि पुढच्या पावसाळ्यात गाडी धुताना पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने त्याचे तळहाताएवढे पोपडे निघाले होते. पोपड्याच्या पाठीमागे प्लॅस्टिक लख्ख काळे आणि गुळगुळीत होते, म्हणजे त्याला ना पेपर लागला होता ना प्रायमर. रंग जुळला की नाही हे मालकाला दिसते. रंग धरला की नाही हे दिसायला वर्ष जावे लागते. या गॅरेजने ती न दिसणारी बाजू पहिल्याच वेळी नीट सांभाळली होती, आणि दुसऱ्यांदा काम करताना त्याचाच मोठा उपयोग झाला.

रंगाच्या बाबतीत मात्र त्यांनी सर्वांत जवळचा रस्ता धरला. दाराजवळच्या खांबावरील पट्टीवरून कोड टिपून घेतला, संगणकात तो घातल्यावर समोर आलेले पहिले सूत्र घेतले, तराजूवर ग्रॅमच्या हिशोबाने मूळ रंग एकत्र केले आणि बंपर रंगवून टाकला. संध्याकाळी सात वाजता गाडी माझ्या ताब्यात दिली गेली. शेडमधल्या पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात मी बंपर आणि त्याला लागून असलेले मागच्या चाकावरचे क्वार्टर पॅनल यांच्या सांध्यावर वाकून पाहिले आणि मला काहीही फरक दिसला नाही. मी समाधानाने सही केली. गाडी संध्याकाळनंतर ताब्यात घेऊ नये, हा पहिला धडा मला इथे मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात गाडीच्या मागे उभी राहिल्यावर बंपर उरलेल्या गाडीपेक्षा स्पष्टपणे गडद दिसला. जणू तो ओला राहिला होता. हे एवढेच असते तर रंगात काळा थोडा जास्त पडला असे म्हणता आले असते. पण गाडीच्या कडेने चालत जाऊन तिरक्या नजरेने पाहिले तेव्हा तोच बंपर बाजूच्या पॅनलपेक्षा फिकट दिसू लागला. समोरून गडद आणि तिरका फिकट, अशी ही उलटापालट होती, आणि गाडीभोवती फेरी मारताना एक जागा अशी येई की जिथे दोन्ही रंग क्षणभर तंतोतंत एक होत. नेमक्या त्याच कोनातून मी आदल्या संध्याकाळी पाहिले होते.

तक्रार घेऊन गेल्यावर काउंटरवरच्या गृहस्थांनी जे उत्तर दिले ते बहुतेकांनी कधी ना कधी ऐकले असेल: बंपर प्लॅस्टिकचा, बॉडी पत्र्याची, त्यामुळे एवढा फरक राहणारच. या उत्तरात थोडे तथ्य आहे, म्हणूनच ते फसवे आहे. कारखान्यात बॉडी आणि बंपर खरोखरच वेगवेगळे रंगवले जातात. पुष्कळदा बंपर रंगून दुसऱ्याच पुरवठादाराकडून येतो. बॉडीवरचा रंग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजला जातो, तर प्लॅस्टिक तेवढी उष्णता सोसत नसल्याने बंपरचा रंग बऱ्याच कमी तापमानाला वाळणारा असतो. बॉडीवर विद्युतभारित फवाऱ्याने रंग मारतात, त्याचाही परिणाम चकत्यांच्या बैठकीवर होतो. त्यामुळे शोरूममधून बाहेर पडणाऱ्या नव्या कोऱ्या गाडीतही बंपर आणि फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) यांच्यात किंचित फरक सापडू शकतो. पण खालचा पदार्थ प्लॅस्टिक आहे म्हणून वरचा रंग बदलत नाही. रंगाचा थर पुरेसा झाकणारा असेल तर खाली पत्रा आहे की प्लॅस्टिक हे डोळ्याला कळण्याचा प्रश्नच नसतो. माझ्या सुदैवाने याचा पुरावा गाडीवरच होता: पुढचा बंपर कारखान्यातून आला तसाच, पुन्हा कधी न रंगवलेला होता, तोही प्लॅस्टिकचाच होता, आणि फेंडरशी त्याचा मेळ चांगला बसत होता. मी त्या गृहस्थांना गाडीच्या पुढच्या बाजूला नेऊन तो सांधा दाखवला. त्यांनी तो पाहिला, काही बोलले नाहीत आणि आतून मुख्य रंगाऱ्याला बोलावून आणले.

इथून पुढची सेवा वेगळ्या दर्जाची होती. मुख्य रंगारी वयाने पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी गाडी उन्हात घ्यायला लावली, तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "ताई, रंगाची शेड फार चुकलेली नाही. हात चुकला आहे." हे वाक्य मला त्या वेळी सारवासारव वाटले होते, पुढच्या दोन तासांत त्याचा अर्थ उलगडला.

मेटॅलिक रंगात रंगद्रव्याबरोबर ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म चपट्या चकत्या असतात आणि रंग उजळ दिसणार की गडद, हे त्या चकत्या कशा पहुडल्या आहेत यावर बरेचसे ठरते. फवारणीच्या गनमधून रंग कोरडा पडला, म्हणजे हवेचा दाब जास्त, अंतर जास्त, रंगाचे प्रमाण कमी किंवा थिनर भराभर उडणारा असेल, तर चकत्या पृष्ठभागाशी समांतर आणि वरच्या वर बसतात. मग समोरून पाहताना रंग उजळ दिसतो आणि तिरक्या नजरेने गडद. उलट रंग ओला पडला, तर थर वाळेपर्यंत चकत्यांना आत बुडायला आणि वाकड्यातिकड्या उभ्या राहायला अवधी मिळतो. मग समोरून रंग गडद आणि कडेने फिकट दिसतो. माझ्या बंपरवर अगदी हेच दुसरे चित्र होते. एकाच भांड्यातला रंग एकाच गनने, पण वेगळ्या हाताने मारला तर दोन वेगळे रंग मिळतात, हे मला तोवर माहीत नव्हते. बंपरच्या बाबतीत ही अडचण आणखी वाढते, कारण त्याला सपाट भाग जवळजवळ नसतोच. वरचा काठ, मधला फुगवटा, खाली आत वळलेली कड, कोपऱ्यांवरचे वळण, या प्रत्येक ठिकाणी गनचे अंतर आणि कोन सारखा राखणे हे कौशल्याचे काम आहे. पहिल्या वेळी बंपर घोडीवर आडवा, उताणा ठेवून रंगवला होता. या वेळी तो गाडीवर जसा असतो तसा उभा टांगायचा, असे त्यांनी सहकाऱ्याला सांगितले, कारण आडव्या पृष्ठभागावर रंग जास्त ओला राहतो आणि चकत्या वेगळ्या बसतात.

शेड "फार" चुकलेली नाही, यातल्या "फार"चाही हिशोब त्यांनी केला. रंगाचा कोड गाडीच्या कंपनीने त्या रंगाला दिलेले नाव असते, पण तोच रंग निरनिराळ्या कारखान्यांत, निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या पुरवठादारांच्या मालातून मारला जातो आणि त्यामुळे एकाच कोडच्या पोटात अनेक छटा तयार होतात. गॅरेजला रंग पुरवणाऱ्या कंपन्या या छटा गोळा करून मूळ सूत्राखाली त्याचे पर्याय देतात: एक जरा निळसर, एक जरा पिवळट, एक भरड चकतीचा. पहिल्या वेळी कोणी हे पर्याय उघडूनही पाहिले नव्हते. आता त्यांनी क्वार्टर पॅनलचा वीतभर भाग धुऊन, हलके पॉलिश करून घेतला, कारण आठ वर्षांच्या क्लिअर कोटवरची धूळ आणि ऑक्सिडेशन यांच्यासकट मापले तर यंत्र मळालाच रंग समजते. मग रंगमापक यंत्र त्यावर टेकवले. हे यंत्र एका ठरावीक दिशेने प्रकाश टाकून परावर्तित होणारा प्रकाश अनेक कोनांतून मोजते, कारण मेटॅलिक रंगाला एका कोनातले माप पुरत नाही. मिळालेल्या आकड्यांची तुलना संगणकातील सूत्रांशी होते आणि दोहोंमधले अंतर डेल्टा-ई या मापात येते. या मापामागची रंगांची मोजपट्टी आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९७६ साली ठरवून दिली, आणि ढोबळ मानाने डेल्टा-ई एकच्या आसपास असेल तर सरावलेल्या डोळ्यालाच फरक जाणवतो. यंत्राने तीन पर्याय सुचवले. मला वाटले, आता प्रश्न सुटला.

रंगाऱ्यांना तसे वाटत नव्हते. त्यांच्या मते यंत्राचे काम शंभर शक्यतांतून तीन उरवणे एवढेच आहे. त्या तिन्हींतून त्यांनी थोडा थोडा रंग तयार केला आणि हाताच्या पंजाएवढ्या तीन कार्डांवर, प्रत्यक्ष बंपरवर ज्या गनने, ज्या दाबाने आणि जितक्या हातांत मारणार तसाच तो मारला. अगदी थोडा रंग तयार करताना एकेका थेंबाची चूकही मोठी ठरते आणि डबे आधी नीट ढवळले नसतील तर तळाशी बसलेल्या चकत्या मिश्रणात येतच नाहीत, म्हणून दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू आणि ढवळणारे यंत्र दोन्ही लागतात. कार्डांवर क्लिअर कोटही मारला, कारण बेस कोट, म्हणजे क्लिअरखालचा प्रत्यक्ष रंगाचा थर, नुसता वाळला की फिकट आणि निस्तेज दिसतो आणि क्लिअर चढल्यावर खोल होतो. क्लिअरशिवाय केलेली तुलना बिनकामाची. अशा रीतीने तीन कार्डे तयार होऊन वाळायला जो तास-दीड तास जातो, तोच बहुतेक गॅरेजमध्ये वाचवला जातो. पहिल्या वेळी इथेही तोच वाचवला गेला होता.

कार्डे तपासण्याची त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. कार्ड बंपर आणि पॅनलच्या सांध्यावर टेकवून आधी समोरून, मग जवळपास जमिनीवर बसून वरच्या दिशेने, मग कडेने. आधी थेट उन्हात, मग सावलीत, मग शेडमधल्या ट्यूबखाली. पहिले कार्ड उन्हात जवळजवळ निर्दोष होते, पण ट्यूबखाली ते हिरवट दिसू लागले. दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांपासून बनलेले असले तर एका उजेडात जुळूनही दुसऱ्या उजेडात वेगळे पडू शकतात, कारण प्रत्येक उजेडात निळ्या-पिवळ्या-तांबड्याचे प्रमाण निराळे असते. माझ्या पहिल्या संध्याकाळच्या फसगतीत कोनाबरोबर या उजेडाचाही वाटा असणार. दुसऱ्या कार्डातली चकती भरड निघाली. रंग बरोबर, पण उन्हात ते पॅनलपेक्षा अधिक चमचमत होते. तिसरे समोरून जुळले आणि कडेने किंचित गडद राहिले, तेव्हा त्यांनी त्या सूत्रात चकत्यांची मांडणी विस्कटून कडेची छटा उजळवणारा घटक अगदी थोडा घातला आणि चौथे कार्ड मारले. ते जुळले. मग त्यांनी दुसऱ्या एका कामगाराला हाक मारून, कोणते कार्ड कोणते हे न सांगता, चारही त्याच्यापुढे धरली. त्यानेही चौथेच उचलले. स्वतःच्या डोळ्यांवर एकट्याने विसंबू नये, बराच वेळ एकच रंग पाहून डोळा थकतो आणि काहीही खपवून घेतो, असे त्यांचे म्हणणे. लाल-हिरव्यातला भेद कमी जाणवण्याचा दोष स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो आणि या धंद्यात बहुतेक पुरुषच असतात, हे लक्षात घेतले तर दुसऱ्या डोळ्यांना विचारण्याची ही रीत मला फारच शहाणपणाची वाटते. मला मात्र त्यांनी विचारले नाही, याची थोडी गंमत वाटली.

एका निर्णयाबद्दल मी साशंक होते. नव्या रंगाची छटा शेजारच्या पॅनलवर हळूहळू विरत नेणे, म्हणजे ब्लेंडिंग करणे, हा मेटॅलिक रंग जुळवण्याचा सर्वमान्य मार्ग आहे, आणि मी तसे करा असे सुचवलेही होते. त्यांनी नकार दिला. त्यांचे कारण असे की मागचे क्वार्टर पॅनल वर छताच्या खांबापर्यंत सलग जाते. बेस कोट मध्येच विरवता येतो, पण क्लिअर कोट मध्येच संपवला तर ती कड काही वर्षांनी उन्हाने उघडी पडू लागते, आणि वरपर्यंत न्यायचा तर चांगल्या स्थितीतला कारखान्याचा रंग दोन्ही बाजूंनी विनाकारण घासावा लागतो. पुढच्या बंपरच्या बाबतीत फेंडर सुटा असल्याने हा प्रश्न इतका बिकट नसतो. शिवाय बंपर आणि पॅनल यांच्यामध्ये फट असते आणि तिथे पृष्ठभागाचे वळणही बदलते, त्यामुळे किरकोळ फरक डोळ्याला तसाही पकडता येत नाही. कार्ड जुळले आहे, आता पॅनलला हात लावायचा नाही, असे त्यांनी ठामपणे सांगितले. अनुभवाने सांगते, हा निर्णय योग्य होता, आणि जास्त काम सुचवून जास्त बिल करण्याची संधी सोडून तो घेतला गेला हे नोंदवले पाहिजे. गाडीचा रंग मोतिया पांढरा किंवा अर्धपारदर्शक लाल असता, म्हणजे खाली एक, मध्ये एक आणि वर क्लिअर अशा तीन थरांचा असता, तर त्यांनी ब्लेंडिंगशिवाय काम घेतले नसते, असेही ते म्हणाले. माझदाच्या ४६व्ही या गाजलेल्या लाल रंगाचे नाव त्यांनी अशा आदराने घेतले की जसे एखादा पैलवान आपल्याला चीतपट केलेल्या मल्लाचे घेतो. त्या जातीच्या रंगात मधल्या थराचा एक हात कमी-जास्त झाला तरी छटा बदलते.

प्रत्यक्ष दुसऱ्यांदा रंगवताना आधीच्या थरावर नुसता आणखी थर चढवला गेला नाही. पहिला क्लिअर आणि बेस बराचसा घासून उतरवला गेला. याचे एक कारण थरांची जाडी. जाड झालेला रंग लवचीक बंपरवर लवकर तडकतो. दुसरे कारण सेन्सरचे. पार्किंग सेन्सरच्या गोल टिकल्या ध्वनिलहरी सोडतात आणि त्यांच्यावर रंगाचा जाड थर बसला की त्या चुकीच्या सूचना देऊ शकतात, म्हणून त्या बाहेर काढून, वेगळ्या धरून, पातळ रंगवल्या गेल्या. ज्या गाड्यांत बंपरच्या मागे रडार असते, त्यांच्या मालकांनी याबाबत अधिक सावध राहावे. धातूच्या चकत्या असलेला रंग जास्त जाड झाला किंवा रडारसमोरच्या भागात पुट्टी भरली, तर रडारच्या लहरी अडू शकतात आणि अनेक उत्पादकांनी त्या भागातल्या दुरुस्तीवर निर्बंध घातलेले असतात. माझ्या गाडीत रडार नाही.

बेस कोटचे दोन मध्यम हात, प्रत्येकानंतर थर निस्तेज होईपर्यंत थांबणे, आणि शेवटी गन थोडी लांब धरून सगळ्या बंपरवरून फिरवलेला एक हलका, धुक्यासारखा हात, असा क्रम होता. चकत्या एकसारख्या पसरतात त्या या शेवटच्या हातामुळे. त्यावर क्लिअरचे दोन हात आणि मग बूथमध्ये ६० अंशांवर अर्धा तास. उष्णतेत बंपर स्वतःच्या वजनाने वाकू नये म्हणून त्याला दोन जागी आधार दिलेला होता. क्लिअर कोट त्यांनी मुद्दाम आरशासारखा सपाट केला नाही. कारखान्याच्या रंगावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक उठावदार पोत असते आणि बंपर तिच्याहून गुळगुळीत झाला तर रंग जुळूनही भाग वेगळा दिसतो, हे मला त्यांनी बोटाच्या नखाने दाखवून दिले.

या वेळी गाडी सकाळी दहाला ताब्यात घेतली. उन्हात, सावलीत, बसून, उभे राहून, कडेने, मागे दहा पावले जाऊन, सर्व बाजूंनी पाहिले. फरक नाही असे म्हणणार नाही: संध्याकाळी सूर्य कलल्यावर डाव्या बाजूने, बंपरच्या अगदी कोपऱ्यावरच्या वळणात एक बारीकशी गडद झाक दिसते, आणि ती कुठे शोधायची हे मला माहीत आहे म्हणून दिसते. घरातल्या दोघांना मी विचारले, त्यांना बंपर रंगवला होता हे आठवावे लागले. चार महिने झाले आहेत, गाडी अनेकदा धुतली गेली आहे, एकदा फवाऱ्यानेही, आणि कुठेही कड उचललेली नाही.

उणिवा सांगायच्या तर तीन आहेत. उजव्या दिव्याखाली क्लिअरमध्ये धुळीचा एक कण अडकला होता. तो २००० नंबरच्या पेपरने घासून पॉलिश करून देता आला असता, पण मी दाखवेपर्यंत कोणाच्या लक्षात आला नव्हता. बंपरच्या खालच्या, आत वळलेल्या कडेवर क्लिअर पातळ पडला आहे आणि हात फिरवला तर तिथे खरखर जाणवते. उभ्या माणसाला हे दिसत नाही, पण काम मोजायचे तर तेही मोजले पाहिजे. आणि नवा क्लिअर पूर्ण कडक होईपर्यंत काही आठवडे वॅक्स लावू नये, पक्ष्यांची विष्ठा पडली तर लगेच धुवावी, या सूचना मला विचारल्यावर मिळाल्या, आपणहून कोणी दिल्या नाहीत. दुसऱ्या वेळच्या कामाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, पण पहिल्या वेळी काउंटरवर मिळालेले उत्तर मी त्या हिशोबातून वजा करू शकत नाही, कारण पुढचा बंपर दाखवण्याचे मला सुचले नसते तर मी तो गडद बंपर घेऊन मुकाट्याने घरी गेले असते. गॅरेजकडे यंत्र होते, पर्यायी सूत्रे होती, जाणता रंगारी होता. फक्त यांतले काहीही तक्रार केल्याशिवाय पुढे येत नव्हते. पाचांपैकी त्यांना मी पहिल्या कामाला दोन आणि दुसऱ्याला साडेचार देईन, आणि सरासरी काढणार नाही. इतरांनी या किंवा कोणत्याही गॅरेजमध्ये जाताना गाडी टाकण्यापूर्वीच विचारावे की बंपरला रंग लावण्याआधी मला कार्ड मारून, क्लिअरसह, उन्हात दाखवणार का. याचे उत्तर हो असेल तर बाकीचे प्रश्न नंतर विचारता येतात.

चौथे कार्ड मी मागून घेतले. त्याच्या पाठीवर रंगाऱ्यांनी बॉलपेनने सूत्राचा पर्याय, नंतर घातलेल्या घटकाचे ग्रॅम, गनचा दाब आणि हातांची संख्या लिहून दिली आहे. ते आता गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये, विम्याच्या कागदांखाली, उन्हापासून आडोशाला ठेवले आहे.